उजवं इंजिन

त्रिनिदाद, बेनी प्रांत
९ मार्च १९८७

मामा,

इतक्या वर्षांनी माझं पत्र बघून मामी आधी घाबरेल, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते : आई बरी आहे, मी बरी आहे, कुणी मेलेलं नाही. माझं तुमच्याकडे काम आहे.

मला बाबांचं विमान हवंय. तुम्ही प्लास्टिकची बनवता तसं. बाबा ज्यात गेले तेच, बेरगारा कंपनीचं मांस वाहणारं सी-४६.

का ते सांगते. गेल्या आठवड्यात माझ्या वर्गातल्या एका मुलीने विचारलं, “बाई, तुमचे बाबा दारू पिऊन विमान चालवायचे ना?” तिच्या मनात काही वाईट नव्हतं. घरी ऐकलं ते तिने विचारलं. मी तिला खाली बसवलं आणि फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. चार वर्षं झाली मामा. कंपनीच्या चौकशीने लिहून टाकलं की वैमानिकाने उंची राखली नाही, आणि उरलेलं गावाने आपल्या पदरचं जोडलं. आई त्यावर बोलत नाही. मी बोलते, पण माझं ऐकतं कोण?

म्हणून ते विमान माझ्या टेबलावर राहील. चंदेरी, चकचकीत, पोटावर लाल पट्टा. बघणाऱ्याचे डोळे दिपले पाहिजेत.

बाबा तुमची थट्टा करायचे ते आठवतं. “दातांच्या डॉक्टरची विमानं कधी पडत नाहीत, कारण ती उडतच नाहीत.” तुम्ही तो राग धरून ठेवला नसेल अशी आशा आहे.

तुमची,
देल्मिरा

कोचाबांबा
२८ मार्च १९८७

देल्मिरा पोरी,

राग धरलाय, आणि नीट जपून ठेवलाय. होर्मांदोला उत्तर म्हणून मी म्हणायचो, “माझ्या विमानात बसून कुणी उलटी करत नाही.” यावर तो हसायचा आणि माझ्याच बाटलीतली चिचा, मक्याची दारू, संपवायचा. तुझ्या आईचं लग्न त्याच्याशी होऊ नये म्हणून मी जमेल तेवढं केलं होतं. लग्न झाल्यावर या घरात त्याच्याइतका मला आवडलेला पाहुणा दुसरा नव्हता.

तर, विमान होईल. सी-४६ चं किट माझ्या कपाटात आहे, एकास बहात्तर मापाचं. एका पेशंटने आरिका बंदरातून आणून दिलं होतं, त्याची दाढ मी फुकट काढली. अक्षरं आणि पट्टे कंपनीचे नाहीत, अमेरिकन लष्कराचे आहेत. ते मी फेकून देईन आणि आपले हाताने रंगवीन.

पण चकचकीत विमान माझ्याकडून होणार नाही. मांसाची विमानं मी डोंगरावरच्या आल्तोच्या धावपट्टीवर पाहिलीत. चिखल, रक्त, धूर, ठिगळं. चकचकीत हवं असेल तर बाजारात घड्याळं मिळतात. मी विमान बनवतो ते होतं तसं बनवतो. फोटो पाठव, असतील तेवढे सगळे. दार कुठल्या बाजूला उघडायचं, नाक कुठल्या रंगाचं होतं, खिडकीत तुझ्या बापाने कुठला संत चिकटवला होता, ते सगळं लिही.

मामी म्हणते, घरात पुन्हा थिनरचा वास सुटला तर ती बहिणीकडे जाईल. हे ती लग्न झाल्यापासून म्हणत आली आहे. गुरुवारी आमच्या विमानं बनवणाऱ्यांच्या मंडळात ही बातमी सांगितली. वाल्दो उर्किदी म्हणाला, क्रिसोलोगोचे सांधे नेहमी दिसतात, याही विमानाचे दिसतील. त्याला सप्टेंबरच्या प्रदर्शनात दाखवतो.

तुझा मामा,
क्रिसोलोगो

त्रिनिदाद
२० एप्रिल १९८७

मामा,

तीन फोटो पाठवते आहे. तिन्ही परत हवेत.

पहिला आईच्या पेटीतला. मी मागितला, तिने पेटी उघडली, फोटो माझ्या हातात दिला आणि पेटी बंद केली. नवा रंग दिलेल्या दिवशीचं विमान आहे ते, समोर बाबा, केस चापूनचोपून बसवलेले. दुसरा चौकातल्या फोटोग्राफरकडचा. तिसरा रुमाल्दो ग्वाहीने दिला. तो कंपनीत मांसाची धडं चढवायचा, आता मोटरसायकलवर माणसं पोचवतो. जूनमधल्या सान हुआनच्या सणाचा फोटो आहे, म्हणजे अपघाताच्या जरा आधीचा. हमाल उजव्या पंखाखाली सावलीला बसलेत. त्यात विमान फारच घाण आहे, पण पंखाची ठेवण कळेल म्हणून पाठवला.

दार डाव्या बाजूला, शेपटीकडे. नाक काळं. संत कुठलाच नव्हता. खिडकीत माझा शाळेतला फोटो होता.

मामा, पहिल्या फोटोसारखं बनवा. तुमचं म्हणणं मला कळतं. तरी पहिल्यासारखंच.

देल्मिरा

कोचाबांबा
२५ मे १९८७

देल्मिरा,

धड जोडून झालं. दोन अर्धी एकमेकांना अशी शत्रूसारखी भेटली की चार वेळा पुट्टी भरली, चार वेळा घासली. दवाखाना बंद केला तरी दात कोरायची हत्यारं माझ्याकडे आहेत, त्यांनी पत्र्यांच्या रेघा पुन्हा कोरल्या. प्लास्टिकची काडी मेणबत्तीवर धरून केसाएवढी बारीक ताणली, तिची अँटेना केली. सामानाच्या दारातून आत डोकावलं तर मांस टांगायचे आकडेही दिसतील.

आता ऐक. तू पाठवलेला तिसरा फोटो म्हणजे खजिना आहे. भिंग लावून मी तासन्‌तास बघतोय. उजव्या इंजिनावरचं झाकण हिरवं आहे! सगळं विमान चंदेरी, आणि ते एकटं हिरवं, दुसऱ्याच कुठल्या विमानावरून काढून आणलेलं. त्याच्या मागे पंखावरून तेलाचा ओघळ, रुंद, काळा, थेट मागच्या कडेपर्यंत. असा डाग मी आजवर रंगवला नव्हता. तेलरंग पातळ करून, एकावर एक थर देऊन, वारा वाहील त्या दिशेने ओढत नेला. मामीने बोट लावून बघितलं, तिला खरंच ओला वाटला.

मी तिसऱ्या फोटोसारखं बनवतो आहे. तू बघशील तेव्हा काय म्हणायचं ते म्हणशील.

मामा

त्रिनिदाद
१० जून १९८७

मामा,

मी काय म्हणेन ते आत्ताच सांगते.

मी तुमच्याकडे एक गोष्ट मागितली होती. गावाने माझ्या बापाला मळवलं, कंपनीने मळवलं, आणि आता तुम्ही भिंग लावून, थर देऊन, हौसेने मळवताय. इतका सुंदर डाग! तुमच्या मंडळातले लोक टाळ्या वाजवतील. मी ते टेबलावर ठेवलं तर मुलं म्हणतील, बघा, बाईंच्या बाबांचं विमानसुद्धा गलिच्छ होतं.

तुम्हाला बक्षीस हवं असेल तर तुमचं विमान तुमच्याकडेच ठेवा. फोटो परत पाठवा.

देल्मिरा

कोचाबांबा
२२ जून १९८७

देल्मिरा,

फोटो पाठवत नाही. आधी हे पत्र शेवटपर्यंत वाच, मग हवं तर फाड.

तुझं पत्र मी मामीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “पोरीचं बरोबर आहे. तुम्ही डागाबद्दल लिहिलंत, डाग कशाचा ते लिहिलंच नाही.” तर ते लिहितो.

तो डाग तुझ्या बापाचा नाही. वैमानिक इंजिनाला तेल गळायला लावत नाही. एवढा ओघळ एका दिवसात पडत नाही, आठवडे लागतात. त्या आठवड्यांत कंपनीने उजवं इंजिन उतरवून दुरुस्त केलं नाही. झाकण दुसऱ्या विमानावरून आणून ठोकलं म्हणजे तिथे काहीतरी झालं होतं, आणि ते कंपनीला ठाऊक होतं. मांसाने गच्च भरलेलं सी-४६ डोंगरावरून न्यायला दोन्ही इंजिनं लागतात. एक गेलं की उरलेल्या एकावर ते वर चढत नाही, खालीच येतं. मग चौकशीवाले लिहितात, वैमानिकाने उंची राखली नाही. कशी राखणार?

तू म्हणतेस तसं मी विमान घासूनपुसून चकचकीत केलं, तर कंपनीने केलं तेच मी केलं असं होईल. ते मी करणार नाही. तू बोलणं टाकलंस तरी करणार नाही.

हा अजून पुरावा नाही, एका म्हाताऱ्या दातवाल्याने भिंगातून बघितलेली गोष्ट आहे. म्हणून रुमाल्दोकडे जा आणि एकच विचार : ते हिरवं झाकण कुठून आलं?

मामा

सान इग्नासिओ दे मोहोस
३० जुलै १९८७

मामा,

तुमचं पत्र फाडलं नाही.

रुमाल्दो आधी मोटरसायकल पुसत राहिला. मी तिथेच दगडावर बसले आणि म्हटलं, मला घाई नाही. मग त्याने फडकं खाली ठेवलं.

उजव्या इंजिनाला मे महिन्यात हवेतच आग लागली होती. बाबांनी ती विझवली आणि विमान उतरवलं. झाकण जळालं, म्हणून धावपट्टीच्या टोकाला मोडून पडलेल्या जुन्या विमानाचं काढून लावलं. इंजिन तेच ठेवलं. तेल प्यायचं ते. दर फेरीला रुमाल्दो पिंप घेऊन उभा राहायचा. अपघाताच्या आदल्या दिवशी बाबा पेत्रोनाबाईच्या खानावळीत सगळ्यांदेखत मालकाला, बेरगाराला, म्हणाले होते, “हे इंजिन मला डोंगरापलीकडे नेणार नाही.” बेरगाराने प्लेटमधून मान वर न करता सांगितलं, तू नको नेऊस, दुसरा नेईल.

दुसऱ्या दिवशी बाबाच गेले. का गेले हे रुमाल्दोला माहीत नाही. दुसरा म्हणजे कोण होता, तेही नाही. मी खूप विचार केला, आणि आता विचार करणं सोडलं. त्यांनी नाही म्हणायला हवं होतं. ते म्हणाले नाहीत, पण तेवढ्याने बेरगाराचं पाप त्यांच्या माथी येत नाही.

तिसऱ्या फोटोसारखंच बनवा. डाग कमी पडला असेल तर आणखी एक थर द्या.

मी सध्या इथे सान इग्नासिओत आहे. शाळेला बाई हवी होती. पत्र चर्चच्या पत्त्यावर पाठवा. इथे हवा बरी आहे.

तुमची देल्मिरा

कोचाबांबा
२० ऑगस्ट १९८७

देल्मिरा पोरी,

सान इग्नासिओची हवा बरी आहे हे ऐकून मला बरं वाटलं नाही. मधल्या सत्रात बाई बदलतात कधीपासून? रुमाल्दोशी तू दगडावर बसून बोललीस, ते अर्ध्या गावाने बघितलं असणार. तुझ्या त्रिनिदादच्या शाळेच्या छपराचे पत्रे कुणाच्या देणगीतून आले? मला नावच हवंय, बाकी मी ओळखलं.

विमान पूर्ण झालं. वाईट झालेलं नाही. खिडकीत तुझा फोटो लावलाय, तांदळाच्या कणीएवढा. वाल्दोसुद्धा बराच वेळ भिंग घेऊन बसला आणि शेवटी म्हणाला की अँटेना अंमळ जाड आहे.

दुसरं किटही मिळालं, सांताक्रूझच्या एका माणसाकडून. अजून एक बनवतोय, अगदी तसंच. एक इथे राहील, एक तुझ्याकडे येईल. वेळ भरपूर आहे, हल्ली गुरुवार रिकामेच असतात. प्रदर्शन चौदा सप्टेंबरच्या उत्सवात आहे. यंदा त्याला देणगीदार मिळालाय : बेरगारा हवाई वाहतूक. जग लहान आहे, बेनीपेक्षाही लहान.

मामी तुझ्यासाठी लोकरीचा स्वेटर विणते आहे. तिकडे उकडतं असं मी सांगितलं, तर म्हणाली, उकडू दे.

मामा

सान इग्नासिओ
३ सप्टेंबर १९८७

मामा,

छपराचे पत्रे बेरगाराचेच. मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितलं, काही महिन्यांसाठी लांब जा, गोष्टी थंड होऊ देत. मी म्हटलं, मी गरम केलंय ते थंड व्हावं म्हणून नाही. तरी आदेश आदेश असतो. आईला सांगितलं की मीच मागून घेतली बदली. तुम्हालाही तेच सांगितलं. माफ करा.

आता तुमची पाळी. मला आठवतं तेव्हापासून तुम्ही गुरुवारी मंडळात जाता. मामीच्या ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा गेला होतात, आई अजून ते बोलून दाखवते. तुम्ही सुरू केलेलं मंडळ, आणि गुरुवार रिकामे? तुम्हाला काढलं का? काय करायला सांगितलं होतं?

तुम्ही विमान मागे घेतलंत तर मी तुम्हाला एका शब्दाने बोलणार नाही. पण घेऊ नका.

देल्मिरा

कोचाबांबा
१७ सप्टेंबर १९८७

देल्मिरा,

काढलं नाही. “तूर्त येऊ नका” असं सुचवलं. अध्यक्ष, वकील सेम्पेर्तेगी, घरी आले होते. आधी मामीच्या हातची कॉफी घेतली, मग म्हणाले की विमान अप्रतिम आहे, फक्त ते हिरवं झाकण चंदेरी करा, डाग पुसा, नाहीतर कंपनीचं नाव काढा. देणगीदार दुखावतो. वर म्हणाले, “डॉक्टर, शेवटी खेळणंच आहे ना?”

मी म्हटलं, खेळणं आहे तर घाबरता कशाला? कप उचलून त्यांना दारापर्यंत सोडलं.

चौदाला सकाळी मी विमान घेऊन सभागृहात गेलो. माझं टेबल नव्हतं. मग बाहेर आलो, पायऱ्यांवर मामीचं स्वयंपाकघरातलं स्टूल मांडलं, वर पांढरं कापड, त्यावर विमान. पुठ्ठ्यावर लिहिलं : “कॅप्टन होर्मांदो आन्तेलो यांचं सी-४६, शेवटच्या महिन्यात होतं तसं.” त्याखाली इंजिनाची आग, झाकण, तेल, रुमाल्दोने सांगितलेलं सगळं. त्याचं नाव घातलं नाही.

उत्सवाची गर्दी होती. लोक थांबायचे, वाचायचे, वाकून बघायचे, आत जाऊन पुन्हा बाहेर यायचे. सेम्पेर्तेगींनी पोलीस बोलावला. पोलिसाने पुठ्ठा वाचला आणि विचारलं की हे कुणाच्या जागेत आहे. मी सांगितलं, पायरी नगरपालिकेची, स्टूल बायकोचं. मामी तिथेच उभी होती. म्हणाली, “स्टूल मी देणार नाही.” तो निघून गेला.

दुपारी वाल्दो बाहेर आला. त्याच्या हातात त्याचं जेट विमान होतं, ज्याला पहिलं बक्षीस मिळणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. मला वाटलं, हिणवायला आला. त्याने ते माझ्या विमानाच्या शेजारी पायरीवर ठेवलं, आतून स्वतःसाठी खुर्ची आणली आणि बसला. संध्याकाळपर्यंत उठला नाही. आत पहिलं बक्षीस दुसऱ्याच कुणाला मिळालं. आम्ही दोघं नंतर भात-मांसाचं सिल्पांचो खायला गेलो. तेव्हाही त्याने अँटेनाचा विषय काढलाच.

आता दुसरं विमान. पोस्टाने पाठवलं तर तुकडे पोचतील. मामीने परस्पर ठरवून टाकलंय. ती येतेय, विमानाने, मांडीवर खोका घेऊन. थिनरच्या वासाला कंटाळून शेवटी घर सोडतेय म्हणते.

मामा

त्रिनिदाद
१९ ऑक्टोबर १९८७

मामा,

मामी सुखरूप आहे. तुम्हाला सांगायला सांगितलंय की ती आणखी आठवडाभर राहणार, तुम्ही अंडी उकडून खा.

सगळं क्रमाने सांगते. मी आठवड्याची सुटी काढून आले. विमान माझ्या टेबलावर ठेवता येणार नव्हतं, ते टेबल आता दुसऱ्या बाईंचं आहे. म्हणून आम्ही दोघी खोका घेऊन धावपट्टीशेजारच्या पेत्रोनाबाईच्या खानावळीत गेलो. सगळे वैमानिक सकाळी तिथेच चीजचे कुन्यापे पाव आणि कॉफी घेतात. बाई मला बघून आत जायला निघाली. मामीने तिला नावाने हाक मारली आणि खोक्याचं झाकण उघडलं.

पेत्रोनाबाई बराच वेळ खिडकीतला माझा फोटो बघत राहिली. मग फळीवरचे डबे काढून खाली ठेवले, फळी पुसली. म्हणाली, “त्या सकाळी मी त्याला कॉफीच दिली होती. दोन वेळा. मला कुणी विचारलंच नाही, आणि मीही सांगायला गेले नाही.” तेव्हापासून जो कुणी पाव मागायला येतो त्याला ती हे सांगते. मी सांगायला सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बेरगाराचा मुनीम आला आणि विमान काढायला सांगून गेला. वैमानिक इथे जेवायचे बंद होतील म्हणाला. पेत्रोनाबाईने विचारलं, मग काय उपाशी उडणार का? विमान फळीवरच आहे.

वैमानिक यायचे. ताट हातात घेऊन फळीसमोर उभे राहायचे. त्यांच्यात एक तरुण आहे, एर्लान मेल्गार. त्याने मला विचारलं, तेलाचा ओघळ खरंच एवढा होता का? मी म्हटलं, फोटो आहे माझ्याकडे, मामीने परत आणलाय. त्याने फोटो बघितला आणि कॉफी तशीच ठेवून गेला.

शनिवारी सकाळी कंपनीचं विमान भरून तयार होतं. एर्लान आणि त्याचा जोडीदार पायऱ्या चढले नाहीत. डाव्या इंजिनाखाली उभे राहून त्यांनी सांगितलं, आधी झाकण उघडा, आम्हाला आत बघायचंय. मेकॅनिक मालकाकडे बघू लागला. मालकाने दुसऱ्या वैमानिकांना बोलावणं धाडलं. ते आले, आणि तेही त्या दोघांच्या शेजारी उभे राहिले. मी खानावळीच्या कुंपणापाशी उभी होते, मामा. बेरगारा ओरडत होता, आणि कुणी त्याच्याशी वाद घालत नव्हतं. ते नुसते उभे होते.

ऊन चढलं. आत मांस लटकत होतं आणि आमच्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे. दुपारी मालक गाडीत बसून निघून गेला. मग हमालांनीच दार उघडलं. सडवण्यापेक्षा वाटून टाका, असं कोण म्हणालं कुणाला माहीत. धडं खाली उतरली, मोटरसायकलींवर आडवी टाकून गावभर गेली. संध्याकाळी गल्लीगल्लीत निखारे पेटले होते. चौकात मुलं हाताने खात होती, कुत्र्यांनासुद्धा वाटा मिळाला. ज्या मुलीने मला वर्गात विचारलं होतं, तिची आई आमच्या दाराशी ताट घेऊन आली. माझ्या आईने तिला आत घेतलं आणि खुर्ची दिली.

झाकण रविवारी उघडलं. इंजिन उतरवावं लागणार आहे, आतलं काय काय झिजलंय ते मला नीट कळलं नाही, एर्लान तुम्हाला लिहील. माझी बदली रद्द झालेली नाही. परवा मी सान इग्नासिओला परत जाते आहे, आणि तिथल्या वर्गात पहिल्याच दिवशी माझ्या बापाचं पूर्ण नाव फळ्यावर लिहिणार आहे.

बाबा गेल्यापासून आमच्या घरात बेरगाराच्या कत्तलखान्याचं मांस शिजलं नव्हतं. शनिवारी आईने ते चुलीवर ठेवलं. मी पोटभर खाल्लं, आणि आणखी एक फासळी मागून घेतली.

तुमची,
देल्मिरा आन्तेलो